मारी आंत्वानेतच्या गुलाबवाल्या तैलचित्राची प्रत: पैसे नेमके कशाचे द्यायचे?

एलिझाबेत व्हिजे ल ब्रँ या फ्रेंच चित्रकर्तीनं १७८३ मध्ये रंगवलेलं फ्रान्सच्या राणीचं ‘गुलाब घेतलेली मारी आंत्वानेत’ हे तैलचित्र व्हर्सायच्या राजवाड्याच्या संग्रहात आहे. त्याच्या प्रती जगभरच्या ऑनलाइन स्टुडिओंकडून मागवता येतात. कॅनव्हासवर छापलेली, छाप्यावर हात फिरवलेली आणि पूर्ण हाताने रंगवलेली असे तीन प्रकार मिळतात. निकाल आधीच सांगतो. छापील प्रत आठवण म्हणून ठीक. छाप्यावर हात फिरवलेली प्रत घेऊच नये. हाताने रंगवलेली प्रत घ्यावी, पण स्टुडिओ वाळायला वेळ देणार असेल तरच. या सेवेत रंग आणि कॅनव्हास हा खर्चाचा लहान भाग असतो. गिऱ्हाईक विकत घेतं ते आठवडे. जिथे आठवडे कापले जातात, तिथे प्रत बिघडते.

प्रत घेण्यात कमीपणा वाटायचं कारण नाही. राजघराण्यातल्या व्यक्तीचं चित्र त्या काळी एकदाच रंगवून थांबत नसे. दूतावासांत टांगायला, नातलगांना भेट द्यायला त्याच्या प्रती निघत आणि व्हिजे ल ब्रँ स्वतःही आपल्या चित्रांच्या आवृत्त्या करायची. हे गुलाबवालं चित्रसुद्धा एका अर्थानं दुसरी आवृत्तीच आहे. त्याच वर्षीच्या पॅरिसच्या सलों या चित्रप्रदर्शनात तिनं राणीला पांढऱ्या मलमलीच्या साध्या झग्यात दाखवलं होतं. राणी अंतर्वस्त्रात उभी आहे, अशी ओरड झाली. फ्रान्समधल्या लियोंच्या रेशीम विणकरांना सोडून राणी परदेशी सुताला जवळ करते, असाही ठपका आला. (त्या काळी मलमलीचा मोठा पुरवठा हिंदुस्थानातून, विशेषतः बंगालमधून होई.) ते चित्र उतरवावं लागलं आणि जवळपास त्याच ठेवणीत, हातात तसाच गुलाब, पण अंगावर निळसर करडं रेशीम आणि लेस, असं हे चित्र पुढे आलं. म्हणजे यातलं रेशीम ही नुसती सजावट नाही, त्याच्यासाठीच हे चित्र पुन्हा रंगवलं गेलं. प्रत हातात आली की चेहऱ्यानंतर नजर रेशमावर जायला हवी ती यासाठी.

आता माप. इथे सगळ्यात जास्त फसगत होते आणि ती ऑर्डर देतानाच होते. मूळ चित्र ११३ सेंटीमीटर उंच आणि ८७ सेंटीमीटर रुंद, म्हणजे उंचीला रुंदीनं भागलं तर साधारण १.३. स्टुडिओंच्या यादीतली ठरलेली मापं असतात २० बाय २४ इंच, ३० बाय ४० इंच, २४ बाय ३६ इंच. यातलं एकही या चित्राशी तंतोतंत जुळत नाही. ३० बाय ४० त्यातल्या त्यात जवळचं, थोड्या काटछाटीत भागतं. २४ बाय ३६ मात्र टाळावं. ३६ इंच उंचीला रुंदी पावणेअठ्ठावीस इंच हवी, मिळते २४. मग एकतर बाजूची झाडं कापली जातात, नाहीतर चित्र आडवं दाबून बसवलं जातं. दाबलं की चेहरा तेरा टक्क्यांनी अरुंद होतो. राणीचा चेहरा मुळातच लांबट. त्यात हे झालं की ती आजारी दिसू लागते आणि चूक कुठे आहे ते पटकन कळतही नाही.

९० बाय ७० सेंटीमीटर हे माप मागावं. फरक फक्त काही मिलिमीटरचा येतो. पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात बसून प्रती करणाऱ्या चित्रकारांना मूळ मापापेक्षा निदान एक पंचमांश लहान किंवा मोठी प्रत करावी लागते, आणि ११३ बाय ८७ चा पाचवा भाग वजा केला तर जवळपास हेच माप येतं. घरातल्या भिंतीलाही ते झेपतं. ५० बाय ४० च्या खाली जाऊ नये. त्या मापात सगळं मूळच्या ४४ टक्क्यांवर येतं, मोती म्हणजे नुसते ठिपके उरतात आणि ओठाच्या कडेची छटा ब्रशच्या टोकापेक्षा लहान होते. कितीही चांगला हात असला तरी तिथे तो काही करू शकत नाही.

चेहऱ्याकडे वळू. ही प्रत इथेच तरते किंवा बुडते. व्हिजे ल ब्रँनं आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की राणीची कांती इतकी पारदर्शक होती की तिच्यावर सावलीच धरत नसे, आणि डोळे मोठे नव्हते. बाजारातल्या प्रतींमध्ये नेमक्या याच दोन गोष्टी उलट होतात. डोळे मोठे केले जातात, कारण मोठे डोळे गिऱ्हाइकाला सुंदर वाटतात. आणि जबड्याखाली, नाकाच्या बाजूला तपकिरी सावली मारली जाते, कारण फोटोवरून काम करणाऱ्याला उठाव आणायचा तोच एक सोपा मार्ग माहीत असतो. खालचा ओठ मुळात भरलेला, किंचित पुढे आलेला आहे. तिच्या माहेरच्या हाब्सबुर्ग घराण्याची ती ओळख. प्रतीत तो बारीक करून वर हसू चढवलं जातं. हे तीन बदल झाले की समोर कुठलीही गोरी बाई उभी राहते, मारी आंत्वानेत राहत नाही.

सावली न दाखवता गोलाई कशी आणतात? थरांनी. आधी करड्या-हिरवट रंगाचं पातळ अंडरपेंटिंग, म्हणजे पायाचा थर, त्यावर त्वचेचा फिकट, जरा घट्ट थर, तो वाळल्यावर गालांवर, कानाच्या पाळीवर, बोटांच्या टोकांवर तेलात मिसळलेल्या लाल रंगाचं अगदी झिरझिरीत ग्लेझ, म्हणजे आरपार दिसणारा थर. खालचा करडा जिथे किंचित झिरपतो तिथे गाल आपोआप वळतो, तपकिरी रंग लावावाच लागत नाही. दुधावरची साय पातळ होते तिथे खालचं दूध जसं निळसर दिसतं, तसा हा परिणाम असतो. एकाच बैठकीत ओल्यावर ओलं रंगवून तो येत नाही, कारण खालचा थर ओला असेल तर लाल त्यात मिसळतो आणि सगळा गाल एकसारखा गुलाबी होतो.

पांढरा रंग कुठला हेही विचारावं. त्या काळचा पांढरा म्हणजे शिशाचा सफेदा: उबदार, अर्धपारदर्शक. आज सर्रास टायटॅनियम व्हाइट वापरतात. तो थंड आणि फार झाकणारा असतो, त्वचेत जास्त गेला की चेहऱ्याला खडू फासल्यासारखा दिसतो. शिसं विषारी आहे, तेव्हा त्याचा आग्रह धरायची गरज नाही. टायटॅनियम आणि झिंक मिळून केलेला पांढराही नको, कारण झिंकचा थर पुढे ठिसूळ होतो. टायटॅनियमच, पण कमी प्रमाणात, किंचित पिवळी माती घालून, असं सांगितलं तर जाणकार चित्रकाराला लगेच समजतं. गालाच्या आणि गुलाबाच्या ग्लेझसाठी अलिझरिन क्रिमसन (ट्यूबवरचा रंगद्रव्याचा क्रमांक पीआर ८३) नको. पातळ थरात तो उजेडानं उडतो आणि काही वर्षांत गुलाब फिका पडतो. क्विनाक्रिडोन रोझ (पीव्ही १९) किंवा पीआर १७७ मागावा. ट्यूबवरचे हे क्रमांक विचारले की स्टुडिओत कोण बसलंय तेही कळतं. तयारी असलेला स्टुडिओ त्याच दिवशी उत्तर देतो.

रेशीम ओळखायला आपल्याकडच्या वाचकाला वेगळं शिकावं लागत नाही. पैठणीचा पदर हातात घेऊन घडी पाडा. घडीच्या माथ्यावर उजेडाची अरुंद, कडक रेघ, लगेच शेजारी गडद पट्टा, आणि त्या गडद पट्ट्यात पुन्हा शेजारच्या घडीचा परावर्तित उजेड. सुती कापडात हा बदल हळूहळू होतो, रेशमात झटकन. प्रतीतल्या बाहीकडे आणि कंबरेखालच्या चुण्यांकडे बघताना गडद पट्ट्यात तो दुसरा, मंद उजेड आहे का ते पाहावं. नसेल तर कापड पत्र्यासारखं दिसतं. रंगही बहुधा चुकतो. मूळचा निळा करडेपणाकडे झुकलेला, शांत आहे. अल्ट्रामरीन किंवा थॅलो ब्लू पांढऱ्यात सरळ मिसळला की शाळेच्या गणवेशाचा निळा होतो. प्रशियन ब्लू (पीबी २७) अगदी थोडा, आयव्हरी ब्लॅक, पांढरा आणि कणभर रॉ अंबर (तपकिरी मातीचा रंग), हे मिश्रण जवळ जातं. प्रशियन ब्लू फार जोरकस रंग आहे; मोहरीच्या दाण्याएवढा जास्त झाला तरी सगळा झगा हिरवट होतो.

यात स्टुडिओचा दोष नेहमीच असतो असं नाही. नेटवर या चित्राचे फोटो दहा तऱ्हांचे आहेत, काही पिवळट, काही निळे. ऑर्डर देताना आपणच एक फाइल ठरवून पाठवावी, लांब बाजूला निदान ४००० पिक्सेलची, आणि ‘याच फाइलवरून’ असं लेखी घ्यावं. चित्रकर्ती १८४२ मध्ये वारली, तेव्हा मूळ चित्रावर कोणाचा कॉपीराइट उरलेला नाही.

लेस आणि मोती यांत मात्र बहुतेक स्टुडिओ चांगलं काम करतात, आणि त्यानंच डोळे दिपतात. लेस म्हणजे सरावाचं काम: वाळलेल्या निळ्यावर बारीक ब्रशनं पांढऱ्याचे ठिपके आणि वेटोळी. गळ्यातल्या मोत्यांच्या सरी म्हणजे करडा गोल, एक ठळक ठिपका, खालच्या कडेला त्वचेचा परावर्तित रंग. विक्रीच्या फोटोंत लेसचेच क्लोजअप जास्त असतात. ते बघून ऑर्डर देऊ नये. चेहऱ्याचा आणि दोन्ही हातांचा क्लोजअप मागावा, तोही दिवसाच्या उजेडातला, फ्लॅश न मारलेला. गुलाब धरलेल्या बोटांची सांधेजोड बघावी. बोटं केळीच्या घडासारखी दिसत असतील तर रंगवणाऱ्याला रेखाटनाचा पाया नाही, आणि पुढच्या थरांत ते सुधारत नाही.

वेळेचा हिशेब असा. तेलरंग पाण्यासारखा सुकत नाही. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू ओढून घेतं आणि घट्ट होतं, म्हणून पंखा किंवा हीटर लावून फार फरक पडत नाही. रेखाटन आणि पातळ अंडरपेंटिंग, वाळायला तीन-चार दिवस. पहिला रंगीत थर, आठवडा. दुसरा थर, पुन्हा आठवडा. मग ग्लेझ, एकेकाला चार-पाच दिवस. शेवटी लेसचे जाड पांढरे ठिपके, आणि गुंडाळण्याआधी तीन ते चार आठवडे. बेरीज दोन महिन्यांवर जाते. ‘दहा दिवसांत तयार’ म्हणणारा स्टुडिओ एकतर अॅक्रिलिकमध्ये रंगवतो, किंवा अल्किड हे लवकर वाळणारं कृत्रिम राळेचं माध्यम वापरतो, किंवा रंग झटपट सुकवणारं कोबाल्टचं ड्रायर ओततो. अल्किड वाईट नाही. प्रत्येक थर दिवसात वाळतो आणि टिकतो, फक्त तसं आधी सांगितलेलं असावं. ड्रायरचं तसं नाही. जास्त पडलं तर वरून साय धरते, आत रंग ओला राहतो, आणि काही महिन्यांत पृष्ठभागावर सुरकुत्या येतात.

सुरकुत्या आणि तडे पहिल्यांदा दिसतात ते मागच्या झाडांत. काळा रंग तेल जास्त पितो आणि सावकाश वाळतो. अंबरमध्ये मँगनीज असतं, म्हणून तो भराभर वाळतो. संध्याकाळच्या अंधाऱ्या झाडीसाठी खाली काळा फासून वर अंबरची पानं काढली, तर वरचा थर आधी कडक होतो आणि खालचा हलत राहिल्यामुळे फाटतो. नियम जुना आहे: खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा, लवकर वाळणारा खाली. आणखी एक तक्रार वारंवार ऐकू येते, गडद भागात मधेच निस्तेज डाग दिसण्याची. तो बिघाड नव्हे. खालच्या थरानं तेल शोषल्यामुळे तिथली चमक गेलेली असते. पूर्ण वाळल्यावर रीटचिंग व्हार्निशचा पातळ हात दिला की रंग वर येतो.

कामाच्या प्रत्येक टप्प्यावर फोटो मागायचे: रेखाटन, पहिला थर, चेहरा पूर्ण, शेवट. रेखाटनाचा फोटो सगळ्यात महत्त्वाचा, कारण तिथे दुरुस्ती फुकटात होते. तो फोटो मोबाइलमधल्या कुठल्याही एडिटिंग अॅपमध्ये मूळ फाइलवर ५० टक्के पारदर्शक करून ठेवावा. बुबुळांमधलं अंतर, नाकाच्या बुडापासून ओठापर्यंत, ओठापासून हनुवटीपर्यंत, एवढं जुळलं तर पुरे. ९० सेंटीमीटरच्या प्रतीत डोळ्यापाशी दोन मिलिमीटरची चूकसुद्धा चेहरा बदलते. ‘नंतर ठीक करू’ असं उत्तर आलं तर पुढचा हप्ता थांबवावा.

छाप्यावर हात फिरवलेली प्रत ओळखायला दहापट भिंग पुरतं. ब्रशच्या दोन फटकाऱ्यांमधल्या जागेत बघा, विशेषतः गालावर आणि आकाशात. शाईचे एकसारखे बारीक ठिपके दिसले की खाली प्रिंट आहे. दुसरी खूण अशी की टॉर्च बाजूनं, भिंतीला समांतर धरली तर ब्रशच्या खुणा चित्रातल्या आकारांशी जुळत नाहीत, वरून पारदर्शक जेलचे फटकारे मारलेले असतात. परदेशातून मागवताना याला आणखी एक बाजू आहे. कस्टम्समध्ये पूर्ण हाताने केलेली चित्रं ९७०१ या शीर्षाखाली येतात, छापील चित्रं ४९११ खाली. बिलावर ‘पूर्णपणे हाताने रंगवलेले तैलचित्र’ असं स्पष्ट लिहून घ्यावं. छाप्यावर काम करणारे ते लिहायला कचरतात, हाही एक तपास.

कॅनव्हास लिननचा आणि बारीक विणीचा हवा. जाड विणीचा सुती कॅनव्हास निसर्गचित्राला चालतो, पण या चेहऱ्यावर त्याची वीण मुरुमासारखी दिसते. चारही बाजूंना निदान पाच सेंटीमीटर कोरी पट्टी सोडायला सांगावं, नाहीतर ताणताना चित्रच कडेला जातं. गुंडाळी नेहमी रंग बाहेर ठेवून, निदान १५ सेंटीमीटर व्यासाच्या नळीवर. रंग आत ठेवून गुंडाळलं तर थर चेपला जाऊन सुटतो. रंगावर ग्लासिन हा गुळगुळीत, न चिकटणारा कागद हवा. बबल रॅप थेट लागला तर त्याचे गोल कोवळ्या रंगावर कायमचे उमटतात. पार्सल आल्यावर नळी एक दिवस खोलीत तशीच राहू द्यावी आणि मग उघडावी. थंड चित्र एकदम उलगडलं तर तडकू शकतं. त्यानंतर मात्र ते नळीत ठेवून विसरू नये. अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं आणि सगळ्यात आधी राणीचा चेहरा पिवळा दिसू लागतो. उजेडात टांगलं की बराचसा पिवळेपणा उतरतो.

ताणण्यासाठी पाचरवाली स्ट्रेचर चौकट घ्यावी, ९० सेंटीमीटरला मधे आडवी पट्टी असलेली. फ्रेमवाले पुष्कळदा खिळ्यांनी पक्की केलेली चौकट देतात, तिच्यात नंतर ताण देता येत नाही. स्टेपल मारताना प्रत्येक बाजूच्या मध्यापासून सुरुवात, समोरासमोर, तीन-चार सेंटीमीटर अंतरानं, आणि कोपरे शेवटी. फ्रेम सोळाव्या लुईच्या काळातल्या धाटणीची, सरळ रेषांची आणि मण्यांची बारीक कडा असलेली शोभते; वेलबुट्टीची वळणदार फ्रेम तिच्या आधीच्या पिढीची. काच लावू नये.

ऑनलाइन स्टुडिओला पर्याय आपल्याकडेही आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूलपासून आलेली वास्तववादी व्यक्तिचित्रणाची परंपरा मुंबई, पुणे, कोल्हापूर इथल्या चित्रकारांत आजही जिवंत आहे. तिथे काम सावकाश होतं, दरही जास्त पडू शकतो. पण रेखाटन समोर बसून तपासता येतं, कॅनव्हास बाजूच्या उजेडात धरून बघता येतो, गुंडाळी करावीच लागत नाही, आणि व्हार्निशसाठी चित्र पुन्हा त्याच हातात देता येतं. ९० बाय ७० ची प्रत घ्यायची असेल तर आमचा कल याच बाजूला आहे.

शेवटचं व्हार्निश सहा महिने ते वर्षभरानं, त्याआधी नको. पॅकिंगच्या आदल्या दिवशी स्टुडिओनं चकचकीत व्हार्निश मारून पाठवलं असेल तर खालचा रंग नीट वाळत नाही आणि पुढे व्हार्निश काढताना गालाचं ग्लेझही निघून येतं. टांगताना बाहेरची, पावसाळ्यात ओल धरणारी भिंत टाळावी. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे किंवा फेल्टचे तुकडे लावून भिंतीपासून दोनेक सेंटीमीटर फट ठेवावी, म्हणजे हवा खेळते आणि बुरशी धरत नाही. पाठीला प्लास्टिकची पन्हळी शीट स्क्रूनं बसवली की धूळ, पाली, झुरळं लांब राहतात. मुंबईत, कोकणात आणि गोव्यात जुलैमध्ये कॅनव्हास थोडा सैल पडतोच. तेव्हा पाचर ठोकू नये. हवा कोरडी झाल्यावर तोच कॅनव्हास ताणला जातो आणि आधीच ठोकलेली पाचर त्याला कोपऱ्यात फाडते. नोव्हेंबरपर्यंत वाट बघावी, तरीही सैल वाटला तर चारही कोपऱ्यांतल्या पाचरी सारख्याच, हलक्या हातानं, एकेक टोला.